ज्यांचं एकमेकांशी पटत नाही अशा तिघांच्या नावे

लिहून ठेवणार मी, वय वर्षे अठ्ठावीस, शिक्षण नववी (दहावीच्या वर्गात सतरा दिवस बसलो, ते धरत नाहीत), धंदा उंच धुराडी, पाण्याच्या टाक्या व मोबाइलचे टॉवर रंगवणे, कायमचा पत्ता नाही, सध्या मुक्काम कामगारांच्या खोल्या, दुसरा मजला, जिन्याला लागून. हे लिहिताना मी शुद्धीत आहे. प्यायलेलो नाही, अंगात ताप नाही, कोणी मानेवर सुरी धरलेली नाही. माझ्या राजीखुशीने लिहितो असं म्हणायची पद्धत आहे. राजी आहे, खुशी नाही.

टायपिंगच्या दुकानातल्या माणसाने सांगितलं की मृत्युपत्र साध्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं तरी चालतं, दोन साक्षीदार लागतात, आणि त्यात राग घालू नये. पहिल्या दोन गोष्टी मी पाळतो आहे.

कारण असं की सोमवारपासून आम्ही एकशे वीस मीटरच्या धुराड्यावर चढणार. त्याआधी मुकादमाने सगळ्यांकडून वारसाचा फॉर्म भरून घेतला. त्याच आठवड्यात, मी आमच्या घराण्याच्या फाइली जिथे ठेवतो त्या क्लाउडवाल्या कंपनीनेही विचारलं, की तुम्ही अठरा महिने इकडे फिरकला नाहीत तर हे सगळं कोणाच्या हाती द्यायचं, एक विश्वासू नाव लिहा. दोन्हीकडे एकेक रकाना. त्या रकान्यांसमोर मी दोन दिवस बसलो. नात्यातलं एकेक तोंड डोळ्यांपुढे आणलं आणि शिसारी आली. रकान्यात मावेना म्हणून हे एवढं.

कलम १. याआधीची माझी सगळी मृत्युपत्रं रद्द. होतं एकच, बिस्किटाच्या पुड्यावर लिहिलेलं, त्यात सायकल ताईला दिली होती. सायकल चोरीला गेली. पुडा कोणाला सापडला तर सायकल मागत बसू नये.

कलम २. माझा उंचीवरचा पट्टा, दोर आणि कड्या कोणालाही देऊ नयेत. मी पडून मेलो असेन तर नाहीच नाही, आणि अंथरुणात मेलो असेन तरी नाही. पट्टा कापून दोन तुकडे करावेत आणि मुकादमाने ते डोळ्यांनी बघावेत. दुसऱ्याचा वापरलेला पट्टा घालून चढलेला एक जण मी बघितला आहे, म्हणजे आधी वर बघितला आणि मग खाली. रंगाचे ब्रश धुतलेले आहेत, ज्याला हवे त्याने घ्यावेत. बूट फेकावेत. त्या बुटांना जो वास आहे तो मलाच सहन होतो, आणि मलाही रोज नाही.

कलम ३. स्थावर. आमच्या पणजोबांनी काढलेलं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे. खाली दुकान, वर दोन खोल्या. त्यातल्या मागच्या खोलीत माझ्या वडिलांचा हिस्सा होता, तो ते गेल्यावर ताईचा आणि माझा झाला. माझा अर्धा हिस्सा मी माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, देतो. खोलीत सध्या मोठ्या काकांनी पुस्तिकांचे गठ्ठे लावले आहेत, छतापर्यंत. दार उघडलं की छपाईच्या शाईचा वास येतो आणि पुढे पाय टाकायला जागा नाही. दुकानाला शंभर वर्षं झाली म्हणून काकांनी ही घराण्याची पुस्तिका छापली. मुखपृष्ठावर पितळेचा तराजू आणि खाली ठळक अक्षरांत, ‘शंभर वर्षे अचूक’. ताईने खोलीचा ताबा घेतल्यावर गठ्ठ्यांचं काय करावं ते मी सांगत नाही. रद्दीवाला कोपऱ्यावरच बसतो.

ताईने हा कागद कच्चा असताना फोनवर ऐकला. म्हणाली, “मरायचं काय काढलंस? आधी दाढी कर. आणि खोलीचं लिहितोयस तर छत गळतं तेही लिही, नाहीतर मला वाटेल फुकट मिळाली.” लिहिलं. छत गळतं.

कलम ४. आता खरी मिळकत. माझ्याकडे घर नाही, गाडी नाही, बायको नाही. आमच्या घराण्याच्या इतिहासाच्या फाइली आहेत. चार हजारांवर फोटो, एकशे सत्तर पानांच्या नोंदी, आणि बोललेलं रेकॉर्डिंग, किती ते कलम सहामध्ये.

हे मी ठरवून जमवलं नाही. मी एका जागी टिकत नाही, काम संपलं की पुढच्या शहरात. जिथे जाईन तिथल्या बाजारात जुने काटे दिसले की उलटे करून बघायची सवय लागली. आमच्या घरात ज्याने काटा दुरुस्त केला तो दांडीच्या खालच्या अंगाला आपली खूण ठोकतो. पणजोबांची खूण चौकोन. आजोबांची चौकोनात एक टिंब. काकांची चौकोनात दोन टिंबं. माझी नाही, मी पळालो. तर एकेक काटा उलटा करायचा, फोटो काढायचा, दुकानदाराला विचारायचं. लोक इतकं बोलतात! एका किराणा दुकानात पारड्यात मांजर झोपलेलं होतं, ते उठेपर्यंत दीड तास थांबलो, तेवढ्यात दुकानदाराने त्याच्या दोन्ही लग्नांची हकिकत सांगितली. तीही नोंदीत आहे, पान एकसष्ट.

दोन वर्षांपूर्वी एका लाकडाच्या वखारीत मोठ्या काट्यावर वेगळीच खूण दिसली. चौकोन, पण एका बाजूने उघडा. असं आमच्यात कोणी नव्हतं. वखारीचा म्हातारा मालक म्हणाला, “ती त्या पोरीची खूण. वर्षातून एकदा यायची हत्यारांची पिशवी घेऊन. हात काय होता तिचा! तुझ्याच घरातली ना ती? कोणाची रे, आजोबांची बहीण?”

मी म्हटलं, “आजोबांना बहीण होती, पण ती चार वर्षांची असताना गेली. घरच्या वहीत लिहिलंय.”

म्हातारा हसून हसून खोकायला लागला. “मग गेल्या पावसाळ्यात माझ्या नातवाला तुमचा काटा चार तोळे खोटा दाखवतोय म्हणून ओरडून गेली ती कोण?”

अशी मला माझी आत्याआजी सापडली. माझ्या वडिलांची सख्खी आत्या, वय तेव्हा एकोणनव्वद. म्हाताऱ्यांसाठीच्या वसतिगृहात तीन खाटांच्या खोलीत राहते, खिडकीकडची खाट तिची. तिथल्या स्वयंपाकघरातला काटा तिने स्वतः नीट केला आहे आणि आचारी तिला बघितलं की ताठ उभा राहतो. मी दारात उभा राहून कोण ते सांगितलं. तिने वरून खाली बघितलं आणि म्हणाली, “नाक आमचं आहे. आत ये. आणि मला तुम्ही-आम्ही करू नकोस, एवढी म्हातारी नाही झाले.”

कलम ५. हे कलम कोणाला काही देत नाही, पण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

काटे दुरुस्त करणाऱ्याकडे मूळ वजनांचा एक जोड लागतो, ज्याच्याशी बाजारातली वजनं ताडून बघायची. पणजोबांनी असे तीन जोड करून घेतले होते आणि ते तीन घरांत ठेवले. एक दुकानात, मोठ्या मुलाकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे. एक स्वतःच्या मेव्हण्याकडे, ज्याच्याशी आजोबांचं बोलणं नव्हतं. आणि तिसरा रस्त्यापलीकडच्या काटेवाल्याकडे, जो आमचं गिऱ्हाईक तोडायचा. ज्या दोघांचं आपसांत बरं आहे त्यांच्याकडे दोन जोड ठेवायचे नाहीत, एवढाच नियम. वर्षातून एक दिवस तिघांनी आपापले जोड घेऊन यायचं, एकमेकांकडे न बघता बसायचं आणि पारड्यात टाकायचं.

आत्याआजी सतरा वर्षांची असताना त्या दिवशी काटा तिने धरला होता. आजोबांकडचं पाच शेराचं वजन हलकं भरलं. वजनाच्या बुडाला एक पोकळी असते, त्यात शिसं भरून वजन बरोबर करतात. ते शिसं कोणीतरी कोरून काढलं होतं. आजोबांनी चार व्यापाऱ्यांच्या सांगण्यावरून काढलं होतं, आणि वर्षभर बाजारातली वजनं त्या खोट्या वजनाशी जुळवून दिली होती. सगळे गप्प बसले असते. ती बोलली. पणजोबांनी महिनाभर दुकान बंद ठेवून दारोदार जाऊन वजनं दुरुस्त केली आणि पुढच्याच वर्षी वारले. मग आजोबांनी तिला हत्यारांच्या एका पिशवीसकट घराबाहेर काढलं आणि घरच्या वहीत तिच्या नावापुढे लिहिलं, ‘बालपणी वारली’.

माझे आजोबा. मला खांद्यावर घेऊन फिरवायचे, चिंचोके खेळायला शिकवायचे. वहीतल्या त्या दोन शब्दांचं अक्षर फार सुंदर आहे.

कलम ६. आता घाण कशी झाली ते. यात माझाही हात आहे आणि तो मी धुऊन टाकत नाही.

मी सगळ्या फाइली क्लाउडवर एका फोल्डरमध्ये ठेवल्या आणि तो घरातल्या सगळ्यांना उघडा करून दिला. मला वाटलं, घराण्याचं आहे, घरच्यांना दिसू दे. माझ्या फोनवर, ताईच्या फोनवर, काकांच्या कॉम्प्युटरवर, चुलतभाऊ दादाच्या मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर, आणि क्लाउडवर. पाच प्रती झाल्या म्हणून मी शीळ घालत फिरत होतो. पाच नव्हत्याच. एकच होती, पाच खिडक्यांतून दिसत होती. एका खिडकीतून कोणी हात घालून काही उचललं की पाचही ठिकाणांहून गेलं. हे मला टायपिंगवाल्याने नंतर सांगितलं, आणि असं सांगितलं जणू काही पोरासोरांनाही माहीत असतं. पासवर्ड काकांची जन्मतारीख. तोही मीच ठेवला, काकांना लक्षात राहावा म्हणून.

आत्याआजीबरोबर मी सहा बैठका रेकॉर्ड केल्या. रेकॉर्डरचं कार्ड भरलं की पुसायचो, क्लाउडवर आहे ना म्हणून. पहिल्या चार बैठका अशा पुसल्या.

मग मी डोंगरातल्या टॉवरच्या कामावर गेलो. एक्केचाळीस दिवस. टॉवर मोबाइलचा आणि त्याखाली मोबाइल चालत नाही, कारण तो अजून सुरूच झाला नव्हता. खाली आलो, फोन चालू केला, तर काकांची पुस्तिका छापून तयार. वंशवेल उघडली. मी तिथे लिहिलं होतं, आत्याआजी, जन्म अमुक, हयात, काटे दुरुस्त करते. त्याजागी आता होतं, ‘कन्या, बालपणी वारली’. तिचे फोटो नाहीत. बैठका नाहीत. कचरापेटीत बघितलं तर ती तीस दिवसांनी आपोआप रिकामी होते.

मी तिथल्या चहाच्या टपरीवरून काकांना फोन लावला.

“काका, तुम्ही वंशवेल बदललीत?”

“दुरुस्त केली. वहीत जे आहे ते ठेवलं.”

“ती जिवंत आहे काका. मी तिच्या हातचा चहा प्यायलोय.”

“कागदावर नाही ना? झालं तर. शंभर वर्षांच्या कार्यक्रमाला बाजारातले सगळे व्यापारी येणारेत. त्यांच्यापुढे मी काय वाचून दाखवू, माझा बाप खोटी वजनं करायचा?”

“करायचे ना पण.”

“तू दुकानात किती दिवस बसलास रे? टांगून घेतोस स्वतःला आकाशात आणि आम्हाला अक्कल शिकवतोस. तिला काय हवंय ते विचार, वर्षाला काही पाठवत जाईन. पण नाव नको.”

मग दादाने फोन घेतला. “अरे ते रेकॉर्डिंग मी उडवलं. स्टोरेज भरलं होतं, पुस्तिकेचं काम अडलं होतं. केवढ्या जड फाइली त्या! म्हातारी बोलतेय, बोलतेय, मध्येच पाच मिनिटं गप्प. तुझ्याकडे असेल की कॉपी.”

मला उलटी झाली. हे अलंकारिक नाही. टपरीवाल्याने मला पाणी दिलं आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

काका हे कशासाठी करतायत ते निदान त्यांना ठाऊक तरी होतं. दादाने तर जागा मोकळी केली. आयुष्यभर दुसऱ्याच्या खोलीत झाडू मारून वर चांगलं काम केलं म्हणून हात झटकणारी माणसं मला पट्ट्याशिवाय चढणाऱ्यांपेक्षाही भयंकर वाटतात.

गेलेल्या चार बैठकांपैकी तिसरी एक तास बारा मिनिटांची होती. त्यात तो वजनं ताडायचा दिवस होता. कोणी कुठे बसलं होतं, पणजोबांनी वजन उलटं करून बोट कसं घातलं पोकळीत, आणि बोट आत गेलं तेव्हा त्यांनी मुलाकडे न बघता तिच्याकडे कसं बघितलं. मी परत गेलो, परत विचारलं. म्हणाली, “वजन हलकं होतं. मी बोलले. अजून काय?” एकदा सांगून झालं की ते तिच्यातूनही गेलं. ती पाच मिनिटं गप्प होती म्हणतो दादा. तीच पाच मिनिटं मला हवी आहेत.

उरल्या त्या शेवटच्या दोन बैठका, कारण कार्ड पुसायचा मला कंटाळा आला होता. काट्यांच्या खुणांचे फोटो वाचले, कारण काकांना ते काय आहेत कळलं नाही.

कलम ७. ज्यांच्या हाती ही मिळकत जाईल त्यांना पुढे प्रती ठेवाव्या लागतील, म्हणून मी कुठे कुठे हात पोळून घेतले ते लिहितो. एका कंपनीने आयुष्यभर फुकट म्हणून बोलावलं आणि तीन वर्षांनी कळवलं की साठ दिवसांत सामान हलवा. कोणाचं आयुष्य ते आधी विचारायला हवं होतं. दुसरी फोटो ठेवते पण बारीक करून ठेवते, त्यात दांडीवरची खूण म्हणजे माशी बसल्यासारखी दिसते. तिसरीने माझ्या आजोबांच्या, काकांच्या आणि माझ्या फोटोंचा एकच गठ्ठा केला, हा एकच माणूस आहे म्हणून. आता मी भाडं देऊन एक जागा घेतली आहे. ती माझ्या एकट्याच्या नावाने आहे, कोणालाही उघडी नाही, आणि फाइल कोणी बदलली तर आधीची वर्षभर राखून ठेवते. तरीही ती एकच जागा आहे. फक्त क्लाउडवर अवलंबून राहू नये, फक्त डिस्कवर राहू नये, आणि फक्त नातेवाइकांवर तर बिलकुल राहू नये. नोंदी आणि वंशवेल कागदावरही छापून ठेवल्या आहेत. कागद एका बटणाने जात नाही.

कलम ८. वाटणी. फाइलींच्या तीन डिस्क केल्या आहेत, प्रत्येकीबरोबर छापील संच. पणजोबांचा नियम लावतो.

पहिली ताईला. क्लाउडच्या रकान्यात आणि मुकादमाच्या फॉर्ममध्येही तिचंच नाव घातलं आहे. ती मला शिव्या देते पण वस्तू जागेवर ठेवते. मृत्युपत्राप्रमाणे सगळं करून घ्यायची जबाबदारीही तिची. तिचं काकांशी खोलीवरून वाजलेलं आहे आणि दादाने तिचा फोन दुरुस्तीला घेऊन दुसऱ्याला विकला तेव्हापासून ती त्याचं तोंड बघत नाही. उत्तम.

दुसरी रस्त्यापलीकडच्या काटेवाल्याला. त्याच्या आजोबांकडे तिसरा जोड होता. तो काकांना चोर म्हणतो, काका त्याला प्लास्टिकवाला म्हणतात कारण तो आता बॅटरीवरचे काटे विकतो. मी डिस्क घेऊन गेलो तेव्हा त्याने डोळे मिचकावत विचारलं, “यात तुमची लफडी आहेत का?”

म्हटलं, “आहेत. तुमच्या आजोबांचीही दोन आहेत.”

“मग नीट ठेवतो,” म्हणाला, आणि खरोखर तिजोरीत टाकली.

तिसरी मोठ्या काकांना.

ताई इथे किंचाळली होती, म्हणून कारण लिहितो. काकांना वगळलं, तर त्यांनी जे केलं तेच मी केलं. दुसरं म्हणजे पणजोबांना मोठा मुलगा कसा आहे ते माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. तरीही एक जोड त्याच्याकडेच दिला होता. ज्याच्याकडे वजन असतं त्यालाच ताडायला यावं लागतं. काका, तुमच्या डिस्कमधून तुम्हाला पाहिजे ते काढा. तुमच्या बापाने शिसं काढलं तसं काढा. बाकी दोन घरांत पूर्ण वजन आहे.

कलम ९. दर वर्षी, पहिल्या थंडीत, ज्या रविवारी तिघांनाही सवड असेल त्या दिवशी, तिघांनी डिस्क घेऊन टायपिंगच्या दुकानात यावं. बोलायची सक्ती नाही. प्रत्येक डिस्कमधल्या सगळ्या फाइलींचा मिळून एक लांबलचक आकडा काढता येतो; एक अक्षर जरी बदललं तरी आकडा बदलतो. तो आकडा मी सोबतच्या पानावर लिहिला आहे. तीन आकडे त्याच्याशी ताडावेत. जो आकडा चुकेल ती डिस्क उरलेल्या दोघांनी मिळून परत भरून द्यावी, आणि कोणाची चुकली ते पानाच्या मागे तारखेसह लिहावं. डिस्क पाच-सहा वर्षांत मरतात, तेव्हा नवीनवर उतरवून घ्यावं. टायपिंगवाला म्हणाला, “माझ्या दुकानात भांडणं नकोत.” म्हटलं, भांडणार नाहीत, बोलतच नाहीत.

कलम १०. बँकेत जे असेल त्यातून क्लाउडचं भाडं. ते संपलं की संपलं.

कलम ११. माझ्यामागे काकांनी भाषण करू नये.

कलम १२. (हे कलम खोडलं आहे. खोडलेलं वाचता येतं: ‘माझा रेकॉर्डर, त्यातल्या दोन बैठका, आणि माझं गरम पांघरूण आत्याआजीला.’ खोडल्याचं कारण खाली, माझ्याच अक्षरात.)

आज दुपारी हा कागद घेऊन वसतिगृहात आलो. मुकादम साक्षीदार म्हणून बरोबर होता. दुसरा साक्षीदार म्हणून तिथल्या कारकुनाला विचारणार होतो. आत्याआजी खाटेवर पाय सोडून बसली होती. म्हणाली, वाच. वाचलं. काकांच्या फोनपाशी तिने हात वर केला, पाणी प्यायली, “पुढे वाच” म्हणाली. बाराव्या कलमावर आलो.

“मला पांघरूण ठेवलंस होय?”

“गरम आहे आजी. पहाडातलं.”

“आणि सही कोण करणार?”

“मुकादम आणि कारकून. दोन साक्षीदार लागतात.”

“मग मी का नाही?”

मी समजावलं, टायपिंगवाल्याने सांगितलं होतं तसं, की ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्ष देऊ नये, दिली तर त्याला दिलेलं बाद होतं. ती ऐकत होती. मग म्हणाली, “साक्षीदार जिवंत लागतो ना?”

“म्हणजे काय आजी.”

“कायद्याने? जिवंत आहे असं धरूनच सही घेतात ना त्याची?”

“हो.”

“मग खोड ते पांघरूण.”

मुकादम तसा कमी बोलतो, पण त्याला राहवलं नाही. “आजी, रागावू नका, पण साक्षीदार मागे उरायला लागतो. तुमचं वय नव्वदच्या पुढे.”

“धुराड्यावर मी चढते आहे का?” ती म्हणाली. “पेन आण.”

पेन माझ्याकडेच होतं. खोडलं. तिने चष्मा पुसला आणि म्हणाली की वय, धंदा सगळं ती स्वतः लिहील, कोणी सांगायला नको.

येणेप्रमाणे बारा कलमं, त्यांतलं एक खोडलेलं. यापलीकडे मला काही द्यायचं नाही.

ठिकाण: म्हाताऱ्यांचं वसतिगृह, तीन खाटांची खोली, खिडकीजवळ.
दिनांक: एकोणीस ऑक्टोबर, शनिवार, दुपारी पावणेचार.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार एक: मुकादम, वय त्रेपन्न. माणूस शुद्धीत होता. सही माझ्यासमोर केली. सोमवारी पट्टा मी तपासेन. (सही)

साक्षीदार दोन: लिहिणाऱ्याच्या आजोबांची बहीण. वय एक्क्याण्णव पूर्ण. धंदा काटे दुरुस्ती, अजून चालू. सही माझ्यादेखत झाली, मी चष्मा लावून बघितली. माझा हात कापतो म्हणून माझी सही वाकडी आली आहे. ती माझीच आहे. (सही)